शस्त्रांची ओळख – लेखांक ६ : तलवारीचा मुलूख कशावरून ठरवावा?

गेल्या आठवड्यात पात्याचे पोलाद पाहिले. आता त्याहून अवघड प्रश्न घेऊ : समोरची तलवार कोणत्या मुलखाची? लांब, सरळ पाते आणि त्यावर रोमन अक्षरे दिसली, की ती वसईच्या लुटीतली पोर्तुगीज तलवार, असे उत्तर वसईसारख्या ठिकाणी चटकन सुचते. १५३४ पासून इथे पोर्तुगीजांचा अंमल होता आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, त्यामुळे तसे वाटणे साहजिक आहे. पण त्या मे महिन्यात ठरलेल्या शरणागतीच्या अटींनुसार किल्ल्यातल्या शिबंदीला हत्यारांसह, वाजतगाजत बाहेर पडण्याची मुभा होती. त्या मोहिमेत इतरत्र तलवारी हाती लागल्याच नसतील, असे नव्हे. मात्र युरोपीय पाते कोकणात यायला लढाईच व्हावी लागे, असे मुळीच नाही. ही पाती हा समुद्रमार्गाने येणारा नेहमीचा माल होता, आणि त्यांना मराठे फिरंग म्हणत.

म्हणून माझे म्हणणे असे, की पाते व्यापाराची वाट सांगते आणि मुलूख मूठ सांगते. नागपूरकर रघूजी भोसल्यांची जी तलवार महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून मिळवली, तिचे पाते सरळ, एकधारी, युरोपीय बनावटीचे आहे. पण मूठ मुल्हेरी घाटाची, सोन्याच्या नक्षीची, आणि पात्याच्या पाठीवर देवनागरीत मालकाचे नाव. कोल्हापूरहून १८७५-७६ मध्ये ब्रिटिश युवराजाला दिलेल्या तलवारीच्या पात्यावर ‘आयएचएस’ ही ख्रिस्ती मुद्राक्षरे आहेत. तिला कोणी पोर्तुगीज तलवार म्हणत नाही, ते योग्यच आहे. फिरंगेच्या मुठीकडे नीट पाहावे. रुंद परज, बोटांवरून वळत जाणारी पट्टी, वर तबकडीसारखी कटोरी आणि तिच्यातून निघालेला दांडा. दोन्ही हातांनी वार करायचा तर दुसरा हात याच दांड्यावर बसतो. आयते आलेले पाते मुठीपाशी कमजोर पडू नये म्हणून दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या खाली उतरवलेल्या असतात. हा सगळा विचार पाते घडवणाऱ्याचा नाही, तलवार पेलणाऱ्यांचा आहे.

यावर पहिला आक्षेप असा, की मूठ लाखेने बसवलेली असते. तापवली की निघते, दुसरी बसते. खरे आहे. पण मूठ बदलली जाते ती तलवार जिथे वापरात असते तिथे, तिथल्या हाताच्या सवयीप्रमाणे. त्यामुळे हा आक्षेप माझ्याच बाजूचा ठरतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : मूठही प्रवास करते. बिकानेरच्या शस्त्रागारात १६८९ साली अदोनीहून नेलेली दख्खनी हत्यारे आहेत. मात्र त्यांच्यावर ती कुठून आली हे कोरलेले आहे आणि मुठींचा घाटही राजस्थानी नाही. त्यावरून एवढेच दिसते, की तलवार सापडली कुठे हा पुरावा तिच्या घाटापुढे दुबळा आहे. ‘आमच्या तालुक्यात मिळाली’ म्हणून ती तालुक्याची होत नाही. पात्यावरच्या शिक्क्यावर तर त्याहून कमी विश्वास ठेवावा : पासाउच्या लांडग्याचे चिन्ह जर्मनीतल्याच झोलिंगेनच्या कारागिरांनी सर्रास उचलले होते.

राहिले म्यान. पश्चिम आफ्रिकेत ते बरेच बोलके आहे. तुआरेग आणि हौसा लोकांच्या ताकूबा तलवारीतही झोलिंगेनची पाती सापडतात, स्थानिक लोहार युरोपीय अर्धचंद्राचे ठसे उमटवतात, पण चामड्याने वा पितळेने मढवलेली आडवी परज आणि कातडी म्यान तिथलेच. तिथल्याच मांदिंका लोकांच्या तलवारीचे पाते फ्रेंच घोडदळातले असू शकते. टोकाला पानासारखे पसरलेले, नक्षीदार कातड्याचे म्यान मात्र तिला लगेच ओळखू देते. कोकणात हा साक्षीदार कच्चा पडतो. लाकूड, कातडे, मखमल इथल्या दमट हवेत टिकत नाही. आज दिसणारे म्यान बहुधा नंतरचे असते. तरीही ते टाकून देऊ नये : पाते आत सैल खेळते का, मध्येच अडकते का, सरळ फिरंगेला वाकडे म्यान जोडले आहे का, एवढे तपासले तरी दोन तलवारींचे तुकडे एकत्र केल्याचे उघड होते. नोंद करताना पाते, मूठ आणि म्यान यांच्या तीन वेगळ्या ओळी लिहाव्यात. एकच नाव द्यायचा आग्रह असेल, तर ते मुठीवरून द्यावे.