नाताळची गृहशोभा : डहाळी, कांच आणि कागद

डिसेंबर महिन्यांत उत्तर युरोपांत सूर्य दुपारीं चारच्या सुमारास मावळतो. शेतें गोठलेलीं, झाडें निष्पर्ण, आणि रस्त्यांवर चिखल किंवा बर्फ. अशा दिवसांत ज्या थोड्या झाडांचीं पानें हिरवीं राहतात त्यांच्याकडे माणसाचें लक्ष गेलें, यांत नवल नाहीं. नाताळांत घर शृंगारण्याची जी रीत तिकडे रूढ झाली तिचें मूळ या साध्या गोष्टींत आहे. दुकानांतील झगमगीत माल पाहून ही केवळ श्रीमंतांची हौस असावी, असा आपल्याकडे समज होतो. परंतु जुना इतिहास पाहूं गेल्यास या शोभेंतील बहुतेक वस्तु रानांतून फुकट आणलेल्या, अथवा पोटासाठीं राबणाऱ्या हातांनीं घरींच केलेल्या आढळतात.

इंग्लंडमध्यें या हिरवाईंत पहिला मान हॉलीचा. तिचें पान जाड, चकचकीत व कांटेरी कडांचें असतें, आणि ऐन थंडींत तिच्या फांद्यांवर लालभडक फळांचे घोस दिसतात. पपईप्रमाणेंच हॉलींतही नर झाड वेगळें व मादी झाड वेगळें. फळें धरतात तीं मादीलाच. ज्याच्या कुंपणांत केवळ नर झाड असेल त्याला लाल फळांसाठीं शेजाऱ्याच्या दारीं जावें लागतें. दुसरी आयव्ही नांवाची वेल. तिसरें मिसल्टो, तें मात्र आपल्या ओळखीचें आहे, कारण तें एक प्रकारचें बांडगूळच होय. आपल्याकडे आंब्याच्या फांदीवर बांडगूळ दिसलें कीं बागाईतदार कोयता घेऊन धांवतो. इंग्लंडांत सफरचंदाच्या झाडावरचें बांडगूळ हलक्या हातानें उतरवून बाजारांत नेतात. वुस्टरशर परगण्यांतील टेनबरी वेल्स या लहानशा गांवीं नाताळापूर्वीं त्याचे लिलाव होतात. त्याच्या पांढऱ्या फळांतील गर इतका चिकट असतो कीं तें खाणारा पक्षी आपली चोंच फांदीवर घांसून पुसतो, आणि बीं तेथेंच चिकटून रुजतें. मिसल्टो व हॉली या दोहोंचीं फळें माणसाला अपायकारक आहेत. म्हणून समंजस गृहिणी तीं लहान मुलांच्या हाताला लागणार नाहींत इतक्या उंचीवर टांगते.

जॉन स्टो यानें १५९८ सालीं प्रसिद्ध केलेल्या लंडनच्या वर्णनांत घरेंदारें व चर्च अशा डहाळ्यांनीं सजवीत असल्याचा उल्लेख आहे. पुढें १६४७ सालीं प्यूरिटन मताच्या पार्लमेंटानें नाताळचा सणच रद्द ठरविला, आणि या निरुपद्रवी पानांवरही अधिकाऱ्यांची वक्रदृष्टि झाली. १६६० सालीं राजसत्ता परत आली. तिच्या मागोमाग डहाळ्याही परत आल्या.

नाताळचें झाड हें मात्र जर्मन भाषा बोलणाऱ्या मुलखाचें देणें. फर अथवा स्प्रूस हीं झाडें आपल्या हिमालयांतील देवदाराच्या कुळांतलीं. स्ट्रासबुर्ग येथील १६०५ सालच्या एका टिपणांत असें लिहिलें आहे कीं तेथील लोक दिवाणखान्यांत फरचें झाड उभें करून त्यावर रंगीत कागदाचीं गुलाबफुलें, सफरचंदें, पातळ पापड्या व साखरेचे जिन्नस टांगतात. त्यांत कांच नाहीं, चांदी नाहीं. जें खातां येईल किंवा कात्रीनें कापतां येईल तेवढेंच. इंग्लंडांत हें झाड १८४८ सालीं राणी व्हिक्टोरियाचा पति अल्बर्ट यानें आणलें, असें अनेकदां सांगतात. तें पुरतें खरें नव्हे. तत्पूर्वीं १८०० सालींच तिसऱ्या जॉर्जची जर्मन राणी शार्लट हिनें विंडसर येथें मुलांसाठीं यू जातीचें झाड सजविलें होतें. १८४८ सालीं घडलें तें इतकेंच, कीं एका सचित्र साप्ताहिकानें राजकुटुंब झाडाभोंवतीं उभें असल्याचें चित्र छापलें, आणि राजवाड्यांत जें आहे तें आपल्याही दिवाणखान्यांत असावें असें मध्यमवर्गाला वाटूं लागलें.

कांचेची गोष्ट मात्र सविस्तर सांगण्यासारखी आहे. जर्मनींतील थुरिंगिया प्रांतांत, जंगलानें वेढलेल्या डोंगरांत लाउशा नांवाचें गांव आहे. तेथें १५९७ सालीं कांचेची भट्टी निघाली. वाळू डोंगरांत होती आणि लांकूड जंगलांत. पिढ्यानपिढ्या तेथील कुटुंबें पेले, मणी, बाहुल्यांचे डोळे असा माल करीत आलीं. एका गरीब कारागिराला झाडावर टांगण्यासाठीं सफरचंदें व अक्रोड विकत घेणें परवडेना, म्हणून त्यानें तीं कांचेचीं फुंकलीं, अशी तिकडे दंतकथा आहे. दंतकथा खरी असो वा नसो, १८४८ सालच्या एका कारागिराच्या वहींत नाताळच्या कांचगोळ्यांची सहा डझनांची मागणी नोंदलेली आहे, ही गोष्ट कागदावरची आहे. १८६७ सालीं गांवांत गॅस आला. गॅसची ज्योत कमीजास्त करतां येते व ती फार तापते. त्यामुळें अंड्याच्या कवचासारखा पातळ गोळा फुंकणें शक्य झालें.

हें काम कारखान्यांत होत नसे. घराच्या एका खोलींत होई. घरचा पुरुष ज्योतीपुढें बसून कांचेची नळी तापवी व तोंडानें फुंकून तिचा गोळा करी; फळ, पक्षी अथवा घंटा करावयाची असल्यास दोन अर्धांच्या साच्यांत फुंकी. घरची बाई त्या गोळ्यांत चांदीच्या क्षाराचें पाणी घाली आणि तो कोमट पाण्यांत धरून हलवी. क्षणांत आंतल्या बाजूस आरशासारखा चांदीचा थर बसे. मग रंगांत बुडविणें, खिळ्यांच्या फळीवर वाळत घालणें, कुंचल्यानें नक्षी काढणें, नळीचा उरलेला दांडा कापून वर धातूची टोपी बसविणें. यांतील हलकीं कामें मुलांच्या वांट्यास येत. शेवटीं बाया तो माल मोठाल्या टोपल्यांत पाठीवर घेऊन झोनेबेर्ग येथील व्यापाऱ्यांकडे नेत, आणि भाव व्यापारी ठरवी. परदेशच्या दिवाणखान्यांत ज्या गोळ्यांवर मेणबत्त्या चमकत, ते घडविणाऱ्यांच्या पदरीं त्या भावांतून फार थोडें पडे, हें विसरतां येत नाहीं.

अमेरिकेंत वुलवर्थ या दुकानदारानें १८८० च्या सुमारास, फारशी इच्छा नसतां, पंचवीस डॉलरचे असे गोळे घेतले. दोन दिवसांत ते संपले. पुढें त्याच्या दुकानांमधून हा माल अतोनात खपूं लागला व लाउशाचें नशीब नाताळाशीं बांधलें गेलें. महायुद्धें आलीं तेव्हां हें बंधन जाचक ठरलें. जर्मन माल बंद झाला. १९३९ च्या सुमारास अमेरिकेंतील कॉर्निंग कंपनीनें विजेच्या दिव्यांचीं कवचें काढणारें यंत्र या गोळ्यांच्या कामीं लावलें. मग दिवसाला हजारोंनी गोळे निघूं लागले. दुसऱ्या महायुद्धांत चांदी व धातु दुर्मिळ झाले, तेव्हां त्यांच्याच कांहीं गोळ्यांना आंतून चांदी नव्हती, वर धातूच्या ऐवजीं कागदाची टोपी होती. आज जुन्या वस्तु जमविणारे लोक ती कागदी टोपी पाहूनच गोळा युद्धकाळांतला म्हणून ओळखतात. उणिवेची खूण अशी मोलाची ठरली. लाउशांत अद्यापही तोंडानें गोळे फुंकले जातात. २०२३ सालीं युनेस्कोनें जर्मनीसह सहा युरोपीय देशांतील हातानें कांच घडविण्याच्या कलेला मानवजातीच्या वारशाच्या यादींत स्थान दिलें.

हिरव्या डहाळ्यांचें चक्र हीही जर्मनीचीच देणगी. हॅम्बर्ग येथें योहान हिन्रिख विखर्न या पाद्र्यानें निराधार मुलांसाठीं राउहेस हाउस नांवाची संस्था चालविली होती. नाताळ केव्हां येणार, हा मुलांचा रोजचा प्रश्न. त्यानें १८३९ सालीं गाडीचें एक जुनें चाक घेतलें व त्यावर वीस लहान तांबड्या आणि चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या बसविल्या. रोज एक लहान लावावयाची, रविवारीं मोठी. त्या वर्षीं पहिल्या डिसेंबरलाच रविवार होता. म्हणून चोवीस तारखेपर्यंत हिशेब नेमका जमतो. विचारण्याऐवजीं मुलें मोजूं लागलीं. फरच्या डहाळ्या चाकाला मागाहून गुंडाळल्या गेल्या, आणि घरोघर गेलेल्या चक्रावर फक्त रविवारच्या चार मेणबत्त्या उरल्या.

कागदी चांदणीची कथाही शाळेंतली आहे. सॅक्सनी भागांतील मोरेव्हियन पंथाच्या वसतिगृहांत दूरदेशीं गेलेल्या मिशनऱ्यांचीं मुलें राहत असत. सणाच्या दिवसांत आईबाप हजारों मैलांवर. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत भूमितीच्या अभ्यासांतून तेथें कागदाची एक घनाकार चांदणी तयार झाली, आणि नाताळापूर्वींच्या चौथ्या रविवारीं मुलें ती करूं लागलीं. तिचा गाभा अठरा चौरस व आठ त्रिकोण असलेला. वरचा एक चौरस दिवा सोडण्यासाठीं मोकळा ठेवून बाकी पंचवीस बाजूंना पंचवीस टोंकें. ज्या मुलाला पुस्तकांतला घन समजत नाहीं त्याला तो हातांनीं करावयास द्यावा, या शिक्षणशास्त्रांतील नियमाचें यापेक्षां सुंदर उदाहरण क्वचित् सांपडेल. आपला आकाशकंदील करतांना ज्यानें कामट्या बांधल्या आहेत त्याला या चांदणीचें मर्म सांगावयास नको.

याखेरीज घरच्या घरीं करतां येण्यासारखें तिकडे पुष्कळ आहे. संत्र्याच्या पातळ चकत्या मंद आंचेवर तीनचार तास सुकविल्या कीं त्या पारदर्शक होतात. खिडकींत दोऱ्यानें टांगल्यास उजेड त्यांतून केशरी दिसतो. अख्ख्या संत्र्याला ओळीनें लवंगा टोंचल्या तर तें आकसत जातें व खोलींत वास दरवळतो. लवंग मोलुक्का बेटांतून आली आणि युरोपांत एके काळीं सोन्यासारखी जपली गेली, म्हणून हें शोभेचें फळ पूर्वीं ऐश्वर्याचें लक्षण होतें. पाइनचें लांकडी फळ ओलसर असतां मिटलेलें राहतें, शेकोटीजवळ ठेवलें कीं त्याचे खवले उघडतात. सर्वांत नाजूक रीत म्हणजे ४ डिसेंबरला, संत बार्बराच्या दिवशीं, चेरीची निष्पर्ण काटकी कापून उबदार खोलींत पाण्यांत ठेवणें. काटकीनें आधीं कडक थंडी खाल्लेली असली तर नाताळच्या सुमारास तिला पांढरीं फुलें येतात. बाहेर बर्फ आणि घरांत वसंत. यापुढें कोणतीही विकतची आरास फिकी पडावी.

जुन्या वस्तूंचें कौतुक करतांना जुनी जोखीम परत आणूं नये. झाडावर खऱ्या मेणबत्त्या लावीत तेव्हां जवळ पाण्याची बादली ठेवीत, कारण सुकलेलें फर क्षणांत पेट घेतें. एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन यानें १८८२ सालीं न्यूयॉर्क येथें आपल्या झाडावर लाल, पांढरे व निळे असे ऐंशी विजेचे दिवे लावले, ही केवळ चैन नव्हती. तोडलेल्या झाडाचा बुंधा पाण्यांत ठेवावा व तें शेगडीपासून दूर असावें. जुन्या चंदेरी तारा पुष्कळदां शिशाच्या असत. त्या लेकरांच्या व मांजरांच्या वाटेस जाऊं देऊं नयेत.

आपल्या किनाऱ्यावर हा सण आला तो फर न घेतां. वसईच्या वाड्यांत व गोव्यांत नाताळच्या शोभेचा मध्य म्हणजे झाड नसून गोठा. गोठा मांडण्याची प्रथा १२२३ सालीं इटलींतील ग्रेच्चो गांवीं संत फ्रान्सिसनें केलेल्या देखाव्यापासून पसरली. येथील घरांत त्याला जें रूप आलें तें येथल्या मातीचें आहे. सणाआधीं थोडे दिवस पसरट भांड्यांत नाचणी किंवा गहूं पेरतात, आणि हिरवे कोंब वर आले कीं ती कुरणासारखी हिरवळ गोठ्यापुढें ठेवतात. ज्यांनीं नवरात्रांत घटाभोंवतीं धान्य रुजतांना पाहिलें आहे त्यांना ती पाहून क्षणभर थबकावेंसें वाटेल. वर कामट्यांची व रंगीत कागदाची चांदणी दारांत लोंबते. झाड हवेंच असल्यास सुरूची डहाळी त्याची जागा घेते, आणि तिच्या बारीक हिरव्या काड्या लांबून सूचिपर्णासारख्याच दिसतात. परदेशी प्लास्टिकच्या झाडापेक्षां ती घराला अधिक शोभते.

युरोपांत ६ जानेवारीच्या सुमारास ही सारी आरास उतरवितात. हिरवी पानें मातींत जातात. कांचेला जपावें लागतें. जुना गोळा पाण्यानें धुवूं नये, रंग निघतो. कोरड्या मऊ कुंचल्यानें धूळ झाडावी. वर्तमानपत्राची शाई लागते, म्हणून साध्या पातळ कागदांत गुंडाळावा, आणि दमट जागीं ठेवूं नये, कारण टोपीखालून शिरलेला ओलावा आंतली चांदी काळी करतो. पेटींत जड गोळे तळाशीं ठेवावेत, आणि पातळ पक्षी सर्वांत वर.