चिपची मशीन बनवणाऱ्या कंपन्यांचे शेअर घ्यायचे का? साखर कारखान्याच्या भाषेत समजून घेऊ

हे आपल्या एपिसोडचं लेखी रूप आहे. बोलताना झालेली अडखळ काढली, बाकी तसंच ठेवलंय. नेहमीची सूचना: मी सेबीकडे नोंदणी असलेला सल्लागार नाही, कोड लिहून पोट भरणारा माणूस आहे. इथे कुठलाही शेअर घ्या किंवा विका असं मी सांगत नाहीये.

सध्या इनबॉक्समध्ये एक प्रश्न सारखा येतोय: "दादा, सेमीकंडक्टरमध्ये पैसे टाकायचेत. चिप बनवणारी कंपनी बघू, की चिपची मशीन बनवणारी?" त्याच्यासोबत एक ठरलेलं वाक्यही येतं: "चिप कुणीही बनवो, मशीन तर लागणारच ना? मग मशीनवाला सेफ."

हे वाक्य अर्धं बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यातच पैसे बुडतात. आजचा एपिसोड त्या अर्ध्यावर.

कारखाना कोण, मशीनवाला कोण?

आपल्या नगर जिल्ह्यात हे समजावणं सोपं आहे. प्रवरानगरपासून सहकारी साखर कारखाने बघतच आपण मोठे झालो. कारखाना साखर विकतो. पण त्या कारखान्याला मिल, बॉयलर, डिस्टिलरी कुणीतरी दुसऱ्याने विकलेली असते. उदाहरण घ्या पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचं. ही कंपनी इथेनॉलचे प्लांट उभारून देते. म्हणजे कारखाना हा गिऱ्हाईक आणि प्राज हा मशीनवाला.

चिपच्या जगात तैवानची टीएसएमसी, कोरियाची सॅमसंग हे कारखाने. त्यांना मशीन विकणाऱ्या मोठ्या कंपन्या पाचच धरा. नेदरलँड्सची एएसएमएल सिलिकॉनच्या चकतीवर प्रकाशाने नक्षी उमटवणारं मशीन बनवते. अमेरिकेची लॅम रिसर्च प्रामुख्याने ती नक्षी कोरण्याची मशीन बनवते. अप्लाइड मटेरियल्स थरावर थर चढवण्यात मोठी आहे. केएलए तपासणीची मशीन देते. जपानची टोकियो इलेक्ट्रॉन रसायनाचा लेप देण्यापासून कोरण्यापर्यंत बरंच काही करते.

हे काम किती अवघड आहे? एएसएमएलच्या ईयूव्ही मशीनमध्ये वितळलेल्या कथलाच्या थेंबांवर सेकंदाला ५० हजार वेळा लेझर मारून १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश तयार करतात. असं मशीन विकणारी जगात ही एकच कंपनी आहे. त्यामुळे "यांना स्पर्धा कमी" हे म्हणणं खरंच आहे.

मग अडचण कुठे?

अडचण अशी, की कारखाना साखर दरवर्षी बनवतो, पण मिल दरवर्षी विकत घेत नाही. मिल घेतली जाते ती नवा कारखाना निघाला किंवा गाळप क्षमता वाढवायची ठरली तर.

इथेनॉलचंच बघा. २०१८ पासून सरकारने डिस्टिलरी उभारायला कर्जावरच्या व्याजात सवलत दिली. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचं लक्ष्य आधी २०३० चं होतं, ते २०२५-२६ वर आणलं. कारखान्यांनी धडाधड डिस्टिलरी काढल्या आणि मशीनवाल्याला सुगीचे दिवस आले. मग ७ डिसेंबर २०२३ ला सरकारने त्या हंगामापुरता उसाच्या रसापासून इथेनॉल करायला मनाई केली, नंतर ती सैल केली. पुढे २०२५ मध्ये २० टक्क्यांचं लक्ष्य गाठलंही गेलं.

आता गंमत बघा. देशात इथेनॉल कधी नव्हे इतकं जळतंय. पण प्राजचा एप्रिल ते जून २०२५ या तिमाहीचा नफा आधीच्या वर्षीच्या सुमारे ८४ कोटींवरून साधारण ५ कोटींवर आला. कारणं एकाहून जास्त होती, पण देशातल्या नव्या प्लांटचं काम मंदावणं हे त्यातलं एक मोठं कारण. लक्ष्य गाठलं, म्हणजे नवा प्लांट टाकायची घाई संपली.

आजच्या एपिसोडमधून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही: मशीनवाल्याचा धंदा माल किती खपतो यावर चालत नाही, तर गिऱ्हाईक क्षमता किती वाढवतंय यावर चालतो.

हेच चिपच्या बाबतीत

२०२३ मध्ये लोकांनी मोबाइल वापरणं सोडलं का? नाही. पण मेमरी चिपचे भाव पडले होते आणि मेमरी बनवणाऱ्यांनी नवी मशीन घेणं आवरतं घेतलं. लॅम रिसर्चचं मोठं गिऱ्हाईक हेच. जून २०२३ ला संपलेल्या वर्षात लॅमची विक्री सुमारे १,७४० कोटी डॉलर होती, पुढच्या वर्षी ती सुमारे १,४९० कोटींवर उतरली. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा सुमारे १,८४० कोटी. एका चांगल्या कंपनीची विक्री १४ टक्के खाली गेली आणि परत वर आली. गळीत हंगामासारखंच चक्र, फक्त तारीख ठरलेली नाही.

दुसरं उदाहरण १५ ऑक्टोबर २०२४ चं. एएसएमएलचे निकाल चुकून एक दिवस आधी बाहेर आले. तिमाहीची विक्री चांगली होती, जवळपास ७५० कोटी युरो. पण नव्या ऑर्डरी फक्त २६० कोटी युरोच्या, बाजाराची अपेक्षा त्याच्या दुपटीहून जास्त. शेअर एका दिवसात १६ टक्के पडला. म्हणजे आज किती विकलं, याच्याइतकंच उद्याची ऑर्डर किती, याला बाजार महत्त्व देतो.

तिसरी गोष्ट राजकारणाची. ७ ऑक्टोबर २०२२ ला अमेरिकेने चीनला प्रगत चिपची मशीन विकण्यावर कडक निर्बंध आणले. पण ज्या मशीनवर बंदी नव्हती, ती चीनने भराभर घेतली. २०२४ च्या पहिल्या दोन्ही तिमाहींत एएसएमएलच्या मशीन विक्रीत चीनचा वाटा जवळपास निम्मा होता. अर्धा धंदा एका फर्मानावर टांगलेला असेल, तर "सेफ" हा शब्द जपून वापरायला हवा.

एक दिलासा मात्र आहे. विकलेल्या मशीनला सुटे भाग आणि सर्व्हिस लागतेच. हंगाम संपल्यावर कारखान्यात ओव्हरहॉलिंग निघतं ना, तसंच. लॅमच्या विक्रीत हा भाग एक-तृतीयांशाहून जास्त आहे. मंदीत कंपनीला आधार मिळतो तो यातून.

"भारतातला एखादा शेअर सांगा ना"

चकतीवर चिप घडवणारी मुख्य मशीन बनवणारी मोठी लिस्टेड कंपनी सध्या आपल्याकडे नाही. आपल्याकडे "सेमीकंडक्टर शेअर" म्हणून जे फिरतं, ते बहुतेक मशीन घेणाऱ्यांच्या बाजूचं आहे.

आपल्या एमआयडीसीतलंच बघा. ज्या कंपनीला नगरमध्ये आजही सगळे 'क्रॉम्प्टन' म्हणतात, ती आता सीजी पॉवर. इथे ती मोटर बनवते. तिच्या सीजी सेमी या कंपनीने जपानच्या रेनेसास आणि थायलंडच्या स्टार्स मायक्रोइलेक्ट्रॉनिक्ससोबत गुजरातच्या साणंदमध्ये सुमारे ७,६०० कोटींचा प्रकल्प घेतलाय. २९ फेब्रुवारी २०२४ ला केंद्राची मंजुरी मिळाली आणि २८ ऑगस्ट २०२५ ला पायलट लाइन सुरू झाली. तिथे चिपचं पॅकेजिंग आणि टेस्टिंग होतं. म्हणजे सीजी मशीन विकत नाही, विकत घेते. शिवाय तिची आजची मुख्य कमाई मोटर, ट्रान्सफॉर्मर, स्विचगिअर यांची. ती कंपनी चांगली की वाईट हा वेगळा प्रश्न, पण ती इक्विपमेंट शेअर नाही.

आणि नुसत्या नावावर जाऊ नका. आरआरपी सेमीकंडक्टर हा बीएसईवरचा शेअर १७ डिसेंबर २०२५ पर्यंतच्या २० महिन्यांत ५५ हजार टक्क्यांहून जास्त वाढला. त्याआधी नोव्हेंबरमध्ये कंपनीने स्वतःच एक्स्चेंजला कळवलं होतं, की आम्ही चिपचं कुठलंही उत्पादन सुरू केलेलं नाही. पुढे या शेअरचे व्यवहार आठवड्यातून एकाच दिवसावर आणले गेले. असा शेअर कागदावर कितीही वाढलेला दिसो, विकायला गेलं की दार बारीक असतं. टेलिग्रामवर टिप आली की आधी एक्स्चेंजच्या साइटवर कंपनीच्या घोषणा वाचा. दहा मिनिटांचं काम आहे.

परदेशी शेअर घ्यायचेच असतील तर

आरबीआयच्या एलआरएस योजनेत वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. वर्षात १० लाख रुपयांच्या वर गुंतवणुकीसाठी पाठवले, तर वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस कापला जातो. तो रिटर्नमध्ये वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. अमेरिकी शेअरच्या लाभांशावर तिकडे २५ टक्के कर कापतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं: एकच शेअर असला तरी आयटीआरमध्ये शेड्यूल एफए भरावं लागतं. ते आयटीआर-१ मध्ये नसतं. त्यामुळे नोकरदारांनो, फॉर्म बदलतो, हे विसरू नका.

बटण दाबण्याआधी चार प्रश्न

एक: ही कंपनी मशीन विकते, घेते, की फक्त नावात सेमीकंडक्टर आहे?
दोन: तिची मोठी गिऱ्हाइकं कोण, आणि ती यंदा क्षमता वाढवतायत की हात आखडता घेतायत? टीएसएमसी दर जानेवारीत वर्षाचा भांडवली खर्च जाहीर करते, तिथून सुरुवात करा.
तीन: चीनचा वाटा किती, सर्व्हिसचा किती?
चार: हा पैसा तीन-चार वर्षं लागला नाही तर चालेल का? पुढच्या दिवाळीत बहिणीचं लग्न असेल आणि पैसा त्याचाच असेल, तर या चक्रात शिरू नका. खाली गेलेलं चक्र लग्नाची तारीख बघून वर येत नाही.

चारही उत्तरं एका कागदावर लिहा. लिहिता आली नाहीत, तर अजून घेण्याची वेळ आलेली नाही. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये घेऊ. भेटूया!