लाल डब्यातला ‘डाँकी काँग’ : जुनं आर्केड मशीन ओळखायचं कसं, दुरुस्त करताना जपायचं काय?

नव्वदच्या दशकात ज्यांच्या खिशातली सुट्टी नाणी व्हिडिओ गेम पार्लरमध्ये संपायची, त्यांना ‘मुस्तफा’ एवढंच सांगितलं तरी पुरतं. गेमचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’. जपानच्या कॅपकॉम कंपनीचा, १९९३चा. त्यातल्या चार पात्रांपैकी एकाचं नाव मुस्तफा, आणि आपल्याकडे अख्ख्या गेमलाच ते नाव चिकटलं.

पुढे पार्लर बंद झाली. मशीन कुठे भंगारात गेली, कुठे गोदामात ताडपत्रीखाली पडून राहिली. आज असं एखादं मशीन हाती लागलं तर बहुतेक जण दोन गोष्टी करतात. आधी प्लग लावून ‘चालू होतंय का’ बघतात आणि मग छान रंग मारून घेतात. पहिल्या गोष्टीने मशीन जळू शकतं. दुसऱ्या गोष्टीने ते नेमकं कोणतं मशीन आहे, याचा पुरावाच पुसला जातो.

मग करायचं काय? हे समजून घ्यायला जगातलं सर्वांत बोलकं उदाहरण म्हणजे निन्टेंडोचा ‘डाँकी काँग’. तिथून परत मुस्तफाकडे येऊ.

डबा एकाचा, गेम दुसऱ्याचा

आर्केड मशीन म्हणजे एक वस्तू नाही. लाकडी डबा म्हणजे कॅबिनेट, त्यात काचेच्या पिक्चर ट्यूबचा मॉनिटर, पॉवर सप्लाय, जॉयस्टिक-बटणांचं पॅनेल, नाण्यांची पेटी आणि या सगळ्याला चालवणारा सर्किट बोर्ड. गेम असतो तो या बोर्डावरच्या चिपमध्ये.

मशीन चालवणाऱ्यासाठी हा धंदा होता. एखाद्या गेमची कमाई घटली की तो नवं मशीन घेण्याऐवजी बोर्ड बदलायचा, वरची उजळणारी पाटी बदलायचा, बाजूला नवे स्टिकर लावायचा. १९८५मध्ये जपानमध्ये ‘जामा’ नावाचं जोडणीचं प्रमाण आलं. त्यानंतर तर एका गेमचा बोर्ड काढून दुसऱ्याचा बसवणं काही मिनिटांचं काम झालं.

म्हणून मशीनवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं नाव हा सर्वांत कच्चा पुरावा. पाटी खोटं बोलते असं नाही, पण ती फक्त शेवटचं नाव सांगते.

लाल डब्याची गोष्ट

१९८०च्या सुमारास निन्टेंडोची अमेरिकेतली शाखा अगदी नवी होती. प्रमुख मिनोरू अराकावा यांनी ‘रडार स्कोप’ या गेमची सुमारे ३ हजार मशीन जपानहून मागवली. ती जहाजाने पोहोचेपर्यंत काही महिने गेले आणि तोवर गेमची हवा विरली. सुमारे १ हजार मशीन विकली गेली, २ हजारांच्या आसपास गोदामात पडून राहिली. शाखा बुडायची वेळ आली.

तोडगा निघाला तो असा : मशीन तीच ठेवायची, आतला गेम बदलायचा. नवा गेम तयार करायचं काम शिगेरू मियामोतो या तरुण कलाकाराकडे आलं. तोवर त्यांनी स्वतः एकही गेम पूर्णपणे रचला नव्हता. प्रोग्रॅम लिहिण्याचं काम इकेगामी त्सुशिन्की या कंपनीच्या इंजिनीअरांनी केलं. १९८१मध्ये ‘डाँकी काँग’ तयार झाला. बदलाचे संच अमेरिकेत पोहोचल्यावर सिअ‍ॅटलजवळच्या गोदामात अराकावा, त्यांच्या पत्नी आणि मोजके सहकारी यांनी स्वतःच्या हातांनी ‘रडार स्कोप’च्या डब्यांत नवा गेम बसवला.

ते डबे लाल रंगाचे होते. गेम तुफान चालल्यावर निन्टेंडोने जे नवे डबे बनवले ते निळे. म्हणूनच आज लाल ‘डाँकी काँग’ समोर आला की जाणकार आधी रंगाकडे बघतात. लाल डबा असेल, तर तो बहुधा त्या न खपलेल्या २ हजारांपैकी एक.

ओळख पटवताना कुठे बघायचं?

रंग : बाहेरचा रंग कुणीही बदलू शकतो. नाण्यांच्या दाराच्या आतली कड, कंट्रोल पॅनेलखालची पट्टी, स्क्रूची भोकं, पाटीच्या मागची बाजू इथे मात्र सहसा कुणी ब्रश फिरवत नाही. मूळ रंग तिथे सापडतो. निळ्या डब्याला ‘दुर्मीळ’ दाखवण्यासाठी लाल रंग दिला असेल तर इथेच पकडलं जातं. डबा नारिंगी निघाला, तर तो मुळात ‘डाँकी काँग ज्युनिअर’चा असण्याची शक्यता जास्त.

नंबर : मागच्या बाजूला कंपनीची नंबरपट्टी आहे का बघा. तिच्यावरचा मजकूर आणि आतला बोर्ड यांची संगती लागते का, हेही तपासा.

बोर्ड : सुरुवातीच्या ‘डाँकी काँग’मध्ये चार बोर्डांची चळत असते, नंतरच्या मशीनमध्ये दोनच बोर्डांत काम भागवलेलं आहे. लाल डब्यात दोन बोर्ड दिसले, तर मधे कधीतरी बोर्ड बदलला गेला असावा. आणि आत तळहाताएवढा नवा कोरा बोर्ड दिसला, तर तो बहुधा एकात साठ गेम देणारा आधुनिक बोर्ड. डबा जुना, पण गेम नवा.

मॉनिटर : ही गंमतीची खूण आहे. ‘डाँकी काँग’चा बोर्ड चित्राचा सिग्नल उलटा पाठवतो आणि मूळचा सान्यो कंपनीचा मॉनिटर तो सुलटा करून दाखवतो. साधा मॉनिटर जोडला तर फोटोच्या निगेटिव्हसारखं चित्र दिसतं. आवाजाचा अ‍ॅम्प्लिफायरही त्या मॉनिटरच्याच सर्किटवर आहे. म्हणजे मॉनिटर काढून टाकला की रंगही बिघडतात आणि आवाजही जातो.

गेम : मशीन सुरक्षितपणे चालू झाल्यावर पहिला टप्पा पार करा. लगेच खिळे काढायचा टप्पा आला, तर चिपमधला प्रोग्रॅम अमेरिकी. त्याऐवजी सरकत्या पट्ट्यांचा टप्पा आला, तर जपानी.

हे सगळं करताना प्रत्येक पायरीला मोबाइलने फोटो काढा. कोणती वायर कुठे होती, कोणता स्टिकर कोणत्या कोपऱ्यात होता, हे दोन महिन्यांनी आठवत नाही. दुरुस्तीचं पहिलं हत्यार स्क्रू-ड्रायव्हर नाही, कॅमेरा आहे.

प्लग लावायच्या आधी

अमेरिकेतलं मशीन तिथल्या सुमारे १२० व्होल्ट विजेसाठी बनलेलं असतं, आपल्या घरात २३० व्होल्ट येतात. थेट जोडलं तर पॉवर सप्लाय क्षणात जळू शकतो. योग्य क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतोच. वरून सान्योचा तो मॉनिटर जपानी पद्धतीने १०० व्होल्टवर चालतो, त्यासाठी डब्यातच सोय केलेली असते. ती कुणी काढून टाकलेली नाही ना, हेही बघावं लागतं.

फ्यूजकडेही लक्ष द्या. आपल्याकडे फ्यूज उडाला की तारेचा तुकडा गुंडाळून काम भागवायची सवय आहे. जुन्या मशीनमध्ये असा तुकडा दिसला तर दोन गोष्टी समजा. एक, काहीतरी बिघाड होता म्हणून फ्यूज उडत होता. दोन, तो बिघाड अजून आत आहे.

सर्वांत गंभीर मुद्दा पिक्चर ट्यूबचा. तिच्यात हजारो व्होल्टचा भार असतो आणि मशीन बंद केल्यावरही तो टिकून राहू शकतो. ट्यूबची मागची मान धक्का लागून तुटली तर ट्यूब कायमची गेली. हे काम यूट्यूब बघून करायचं नाही. गावात-शहरात अजूनही जुने टीव्ही दुरुस्त करणारे मेकॅनिक आहेत, एलओटी आणि ट्यूब हाताळण्यात त्यांचा हात बसलेला असतो. त्यांना बोलवा.

दुरुस्तीचा क्रम चुकवू नका

पहिला नंबर पॉवर सप्लायचा. बोर्ड सोडवून ठेवा आणि मल्टिमीटरने मोजा. त्या काळच्या चिपना ५ व्होल्ट लागतात. ४.७५ ते ५.२५ ही सुरक्षित मर्यादा. कमी मिळाले तर गेम अडखळतो, जास्त मिळाले तर चिप मरतात. आकडा मर्यादेत आल्याशिवाय बोर्ड जोडायचा नाही.

दुसरा नंबर कंडेन्सरचा. आपल्याकडचे मेकॅनिक कपॅसिटरला याच नावाने ओळखतात. यातल्या इलेक्ट्रोलिटिक प्रकारात ओलसर रसायन असतं आणि चाळीस वर्षांत ते सुकतं. चित्र थरथरतं, कडा आत ओढल्या जातात, स्पीकरमध्ये गुणगुण येते. हे भाग महाग नसतात. मॉनिटर आणि पॉवर सप्लायमधले एकदम बदलून घेणं शहाणपणाचं.

तिसरा नंबर बोर्डाचा. गेम ज्या चिपमध्ये साठवलेला असतो त्यांना ईपीरॉम म्हणतात. त्यांच्यावर काचेची छोटी खिडकी असते आणि तिच्यातून अतिनील प्रकाश गेला की आतली माहिती पुसली जाते. म्हणून त्या खिडकीवरचा जुना कागदी स्टिकर ‘घाण’ म्हणून खरवडू नका. माहिती शाबूत आहे का, हे तपासायचा मार्गही आहे. १९९७मध्ये निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रॅमरने ‘मेम’ नावाचा प्रकल्प सुरू केला. हजारो जुन्या आर्केड गेमच्या चिपमधल्या माहितीची बोटांच्या ठशासारखी नोंद त्यात आहे. आपली चिप रीडरमध्ये वाचून तो ठसा जुळवला की चिप खरी, नकली की अर्धवट पुसलेली, ते कळतं.

अनेकदा आजार याहून साधा असतो. जोडणीचे पत्रे काळे पडलेले, चिपचे पाय सॉकेटमध्ये सैल, ड्राय सोल्डर. शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, नीट दाबून बसवून बघा. मगच चिप बदलायचा विचार करा.

रंग मारायचा की नाही?

इथे खरा पेच आहे. समजा, लाल डब्यावरचा ‘डाँकी काँग’चा स्टिकर सोलला आणि खाली ‘रडार स्कोप’ची खूण दिसली. मग मशीन ‘मूळ रूपात’ आणायचं म्हणजे कोणत्या रूपात? ‘रडार स्कोप’ आज दुर्मीळ आहे, कारण त्याची बहुतेक मशीन बदलली गेली. म्हणून डबा पुन्हा ‘रडार स्कोप’ करावा, असं वाटणारे संग्राहक आहेत.

पण गोदामातल्या मोजक्या माणसांनी हातांनी केलेला तो बदल हाच या मशीनचा इतिहास आहे. तो उलटवला तर दुर्मीळ वस्तू मिळेल, पण बुडत्या कंपनीला वाचवणारं मशीन जाईल. त्यामुळे साधा नियम असा : जे परत फिरवता येतं ते करा, जे येत नाही ते टाळा. कंडेन्सर बदला, जुने पाकिटात घालून डब्यातच ठेवा. पाण्याने फुगलेलं लाकूड खालून सांधा, पण पूर्ण बाजू नवी कापू नका. स्टिकर उडाला असेल तर नवा छापण्याआधी उरलेल्याचा मापासकट फोटो घ्या. आणि पॉलिशवाल्याच्या हाती डबा देण्याआधी दोनदा विचार करा.

मग आपल्या मुस्तफाचं काय?

आपल्या पार्लरमधले अनेक डबे इथल्याच सुताराने बनवलेले होते आणि आतले अनेक बोर्ड नकली. त्यामुळे डब्यावरून कंपनी ओळखता येत नाही, ओळख बोर्डापासून सुरू करावी लागते.

कॅपकॉमच्या अस्सल बोर्डात ‘क्यू-साउंड’ ही आवाजाची यंत्रणा आहे आणि एक छोटी बॅटरीही आहे. आवाज सांभाळणाऱ्या प्रोसेसरचा प्रोग्रॅम कुलूपबंद असतो आणि कुलपाची चावी या बॅटरीच्या जोरावर टिकून असते. बॅटरी संपली की चावी पुसली जाते आणि एरवी धडधाकट असलेला बोर्ड मुका-बहिरा होतो. नकली बनवणाऱ्यांनी हे कुलूपच काढून टाकलं, आवाजासाठी दुसऱ्या स्वस्त चिप वापरल्या. परिणामी आज उलटा न्याय दिसतो : पार्लरमधला खरखरत्या आवाजाचा नकली मुस्तफा अजून चालतो आणि अस्सल बोर्ड कपाटात ठेवल्या ठेवल्या मरतो.

सुदैवाने जगभरच्या हौशी इंजिनीअरांनी हे कुलूप उलगडलं आहे. मेलेला बोर्ड साधा प्रोसेसर आणि उघडलेला प्रोग्रॅम बसवून परत जिवंत करता येतो. पण तुमच्याकडे अस्सल बोर्ड असेल, तर तो अजून चालतोय तोवरच जाणकाराकडून बॅटरीचं बघून घ्या.

आणि नकली बोर्ड सापडला तर फेकू नका. आपल्याकडच्या अनेक मुलांनी खेळलेला मुस्तफा तोच होता. आपल्या पार्लरचा इतिहास लिहायचा तर पुरावा म्हणून तोही लागेल.

जाता जाता

‘डाँकी काँग’मध्ये २२ व्या लेव्हलला एक चूक आहे. वेळ मोजताना प्रोग्रॅम लेव्हलमध्ये ४ मिळवून १०ने गुणतो. २२ला उत्तर येतं २६०. पण ८ बिटच्या कप्प्यात २५५च्या वर मावतच नाही, म्हणून उरतात फक्त ४. खेळाडूला काही सेकंदच मिळतात आणि तो कितीही कसलेला असला तरी गेम तिथेच संपतो.

ही चूक आज कुणीही दुरुस्त करू शकतो. पण मशीन नीट जतन केलं असेल, तर ते २२ व्या लेव्हलला तसंच मेलं पाहिजे.