नोट तपासणाऱ्या दिव्यामागचं विज्ञान



मागे आमच्या गटाच्या बचतीत ५०० रुपयांची एक नोट खोटी निघाली. बँकेने नियमाप्रमाणे ती जप्त केली, पावती दिली. पण ५०० रुपये बुडाले. नोट कोणाची, हे वहीत लिहिलेलं नव्हतं. शेवटी दहाजणींनी ५०-५० रुपये भरले. मग आम्ही खामगावच्या बाजारातून नोट तपासायचा दिवा आणला. बैठकीत एका मावशींनी विचारलं, "हा जांभया दिवा नोटीत काय पाह्यते वं ताई?" आज त्याबद्दलच बोलू.

आपल्याला दिसतो तो जांभळा उजेड थोडाच असतो. खरं काम करतो तो न दिसणारा अतिनील प्रकाश. प्रकाशाच्या लाटेची लांबी नॅनोमीटरमध्ये मोजतात. साधारण ४०० नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसत नाही. नोटेवरच्या क्रमांकाची शाई आणि कागदातले बारीक तंतू हा प्रकाश पितात आणि दिसणाऱ्या रंगात चमकतात. नोटेचा कागद मात्र काळसर राहतो. साधा छपाईचा कागद निळसर उजळतो, तिथेच शंका येते.

असा प्रकाश देऊ शकणारा एक पदार्थ आपल्या घरातच आहे. अंगाला खाज सुटली की लावतो ते गुलाबी कॅलामाइन लोशन आठवा. त्यात झिंक ऑक्साइड, म्हणजे जस्त आणि ऑक्सिजन यांची पांढरी भुकटी असते. तिचा केसापेक्षा कितीतरी पातळ थर काचेवर चढवून त्याला ऊर्जा दिली, की त्यातले इलेक्ट्रॉन माळ्यावर चढल्यासारखे वर जातात. खाली उतरताना ती ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते. झिंक ऑक्साइडमध्ये हा प्रकाश साधारण ३८० नॅनोमीटरचा, म्हणजे अतिनील असतो.

अडचण अशी, की थरात काही ठिकाणी ऑक्सिजनचे अणू गळालेले असतात, काही ठिकाणी रचना बिघडलेली असते. या खोटींमुळे माळा आणि जमीन यांच्या मध्येच पायऱ्या तयार होतात. इलेक्ट्रॉन तिथे थांबत उतरतात. मग अतिनीलऐवजी हिरवा-पिवळा उजेड मिळतो, किंवा ऊर्जा नुसती उष्णता होऊन जाते. म्हणून अतिनील प्रकाश वाढवायचा, तर आधी खोटी कमी करायच्या.

त्यासाठी थर नीट बसवावा लागतो. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात फवारा पद्धतीने असे थर बनवण्याचं काम झालं आहे. जस्ताच्या क्षाराचं द्रावण तापलेल्या काचेवर फवारतात. आपल्या धिरड्यासारखंच आहे हे! तवा कमी तापला तर धिरडं नीट होत नाही. इथेही काच कमी तापली तर थर कच्चा राहतो, फार तापली तर थेंब पोचण्याआधीच सुकतात.

दुसरा उपाय म्हणजे तयार थर ऑक्सिजनमध्ये पुन्हा तापवणं, म्हणजे रिकाम्या जागा भरतात. त्यातही तापमान नेमकं लागतं. तिसरा उपाय आपल्या चांदीच्या खामगावाला आवडेल असा आहे. थराजवळ चांदीचे किंवा ॲल्युमिनियमचे अतिसूक्ष्म कण योग्य अंतरावर ठेवले, तर प्रकाश वाढू शकतो.

मग बाजारात झिंक ऑक्साइडचे दिवे का नाहीत? एलईडीला दोन प्रकारचे थर लागतात, एकात इलेक्ट्रॉन जास्त, दुसऱ्यात कमी. झिंक ऑक्साइडचा पहिला थर सहज बनतो, दुसरा मात्र टिकत नाही. जपानच्या तोहोकू विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ मध्ये असा दिवा पेटवून दाखवला, पण तो घरोघरी पोचायला अजून वाट आहे. आजचे अतिनील एलईडी मुख्यतः गॅलियम नायट्राइडच्या घराण्यातले आहेत. जस्त गॅलियमपेक्षा मुबलक आणि स्वस्त, म्हणून हा खटाटोप चालू आहे.

शेवटी कामाचं. दिव्याकडे थेट पाहू नका, मुलांच्या हाती देऊ नका. दिव्याच्या एकट्या साक्षीवर विसंबू नका. ५०० ची नवी नोट तिरपी करा, तिच्यातला हिरवा धागा निळा दिसला पाहिजे. पैसे देणारीच्या समोरच नोट तपासा आणि मोठ्या नोटेचा क्रमांक तिच्या नावापुढे लिहा. खोटी आहे हे कळल्यावर ती पुढे चालवू नका, तो गुन्हा आहे. आमच्या वहीत आता क्रमांकाचा एक रकाना वाढला आहे. तुमच्याही वहीत वाढवा.