रक्तदाबाची सूत्रे कोणाच्या हाती?

रक्तदाब हा शब्द आता उचगावच्या घराघरांत पोचला आहे. ‘अण्णांना बीपी आहे’ हे वाक्य ‘अण्णांना चष्मा आहे’ इतक्या सहजपणे बोलले जाते. रक्तदाब म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे हृदय आणि रक्तवाहिन्या येतात. ते चूक नाही, पण अपुरे आहे. मोटर आणि पाट कितीही चांगले असले, तरी उसाच्या कोणत्या सरीला किती पाणी सोडायचे हे दारे धरणारा माणूस ठरवतो. शरीरातले दारे धरण्याचे काम मेंदूकडे आहे. त्याला निरोप कोण पोचवते, हे आज आपण पाहू.

मज्जासंस्था आणि रक्तदाब यांचे नाते उलगडण्यात मुंबईचाही वाटा आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो हा आपला अनुभव १९४९ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडला. १९५२ साली त्या मुळीतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. मज्जातंतू ज्या रसायनांच्या द्वारे निरोप देतात, त्यांचे साठेच रेसर्पिन रिकामे करते, असे पुढे कळले. मग साहजिकच प्रश्न येतो : हे मज्जातंतू चेतवणारे द्रव्य शरीरातच कोठे आहे काय?

आहे, आणि ते पेप्टाइड जातीचे आहे. प्रथिन ही अमिनो आम्लांच्या मण्यांची लांबलचक माळ मानली, तर पेप्टाइड म्हणजे तिचा आखूडसा सर. रक्तदाब घसरला की मूत्रपिंड रेनिन नावाचे विकर रक्तात सोडते. ते यकृतातून आलेल्या एका मोठ्या प्रथिनाचा दहा मण्यांचा तुकडा पाडते. मुख्यतः फुप्फुसांत दुसरे एक विकर त्यातले दोन मणी काढून टाकते. उरते ते आठ मण्यांचे अँजिओटेन्सिन. ते रक्तवाहिन्या आवळते.

पण त्याचे काम तेवढ्यावर संपत नाही. १९६१ साली अमेरिकेत बिकर्टन आणि बकली यांनी एक प्रयोग केला. एका कुत्र्याच्या डोक्याला त्यांनी दुसऱ्या कुत्र्याचे रक्त पुरवले. डोके आणि धड यांना जोडणारा दुवा राहिला तो मज्जातंतूंचा. अँजिओटेन्सिन डोक्याकडच्या रक्तात सोडले, आणि दाब वाढला धडातला! अर्थ उघड होता : हुकूम मेंदूतून सुटला होता.

रक्तातले पुष्कळसे पदार्थ मेंदूत शिरू शकत नाहीत. पण मेंदूतल्या काही मोजक्या जागी हा पहारा सैल असतो. तेथे अँजिओटेन्सिनचा निरोप पोचतो. मग तहान लागते, मीठ खावेसे वाटते, पाणी राखून ठेवणारे व्हॅसोप्रेसिन हे नऊ मण्यांचे पेप्टाइड सुटते आणि रक्तवाहिन्या आवळणाऱ्या मज्जातंतूंना जोर येतो. एरवी दाब वाढला की मानेतल्या धमन्यांकडून मेंदूला वर्दी जाते व नाडी मंदावते. अँजिओटेन्सिन हा लगामही ढिला करते. म्हणून दाब वाढूनही नाडी हवी तेवढी मंदावत नाही.

रक्तस्राव झालेल्या माणसाला हीच व्यवस्था तारते. ती विनाकारण चालू राहिली तर मात्र घात करते. वाढलेला दाब महिनोन् महिने राहिला, की मानेतली ती वर्दी देणारी यंत्रणा त्यालाच नेहमीचा समजू लागते. ती गप्प बसते आणि माणसालाही बहुधा काही जाणवत नाही. ‘मला काही त्रास नाही, मग गोळी कशाला?’ असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. ज्या गोळ्यांच्या नावाच्या शेवटी ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ येते, त्या या आठ मण्यांच्या सराचीच वाट अडवतात. पहिल्या जातीच्या गोळीचा शोध तर ब्राझीलमधल्या एका सापाच्या विषावरून लागला.

तेव्हा आमचे सांगणे थोडकेच आहे. त्रास होवो न होवो, दाब मोजून घ्यावा. दिवसाचे मीठ एकूण पाच ग्रॅमच्या, म्हणजे सुमारे एका चहाच्या चमच्याच्या आत ठेवावे. रश्शातले, लोणच्यातले आणि पापडातलेही त्यात धरावे. आणि डॉक्टरांना विचारल्यावाचून गोळी बंद करू नये. दारे धरणाऱ्यालाच वाढलेले पाणी नेहमीचे वाटू लागले, तर बांधावर जाऊन ते आपणच पाहिले पाहिजे.