अंगरक्षक : एका कामाची नावे

१

अमरावती किंवा अकोला येथील एखाद्या मोठ्या शासकीय कार्यालयात वरिष्ठ अधिकाऱ्याच्या दालनाबाहेर पुष्कळदा दोन माणसे उभी असलेली दिसतात. एकाच्या हातात कागदांची चळत असते. दुसऱ्याचे हात मोकळे असतात. पहिला कार्यालयाचा शिपाई होय. दुसरा पोलीस शिपाई, बहुधा साध्या वेषातला, कमरेला पिस्तूल लावलेला. पहिल्याचे काम काय, हे कार्यालयात येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. दुसऱ्याच्या कामाविषयी मात्र लोकांची कल्पना अंधूक असते, आणि त्याचे नावही निश्चित नसते. शासकीय कागदात तो ‘अंगरक्षक’ असतो, वर्तमानपत्रात ‘सुरक्षारक्षक’ असतो, पोलीस दलातील रोजच्या बोलण्यात ‘बॉडीगार्ड’ किंवा ‘गनमॅन’ असतो, आणि वऱ्हाडी बोलीत तो सरळ ‘सायबाचा मानूस’ होतो.

एका कामाला इतकी नावे असावीत आणि तरीही ते काम कोणते, हे त्या नावांवरून नीटसे कळू नये, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. नावांचा हा गोंधळ केवळ कोशकारांच्या चिंतेचा विषय नव्हे. ज्या नावाने माणसाला हाक मारली जाते त्या नावाला साजेसे काम त्याच्याकडून करवून घेण्याची समाजाची प्रवृत्ती असते. आणि अंगरक्षकाच्या बाबतीत या प्रवृत्तीचा संबंध थेट जीविताशी येतो. म्हणून प्रथम या नावांची परंपरा पाहून नंतर प्रत्यक्ष कामाकडे वळणे सोयीचे होईल.

२

‘अंगरक्षक’ हा शब्द तत्सम आहे. अर्थ उघड आहे : अंगाचे रक्षण करणारा. पण हेच संस्कृत सामासिक रूप प्राकृताच्या वाटेने मराठीत आणखी एकदा आले आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. ‘लक्ष’चे ‘लाख’, ‘पक्ष’चे ‘पाख’, त्याचप्रमाणे ‘रक्ष्’ या धातूचे ‘राखणे’ झाले. आणि ‘अंगरक्षक’चा ‘अंगरखा’ झाला. एकाच मुळापासून निघालेल्या दोन शब्दांपैकी तद्भव शब्दाने वस्त्राचा अर्थ घेतला, तत्सम शब्दाकडे माणसाचा अर्थ राहिला. अंगाला सर्वांत जवळ असणे आणि बाहेरचा मारा प्रथम स्वतःवर घेणे हे दोहोंचे लक्षण आहे. मात्र वस्त्र धन्याच्या मालकीचे असते. माणूस तसा नसतो. पुढे येणाऱ्या बहुतेक शब्दांनी हा भेद पुसून टाकलेला आढळतो.

‘हुजऱ्या’ हा शब्द पाहावा. अरबी-फारसीतील ‘हुजूर’ म्हणजे सान्निध्य, समक्षता. राजाच्या किंवा पेशव्याच्या खास समक्ष असणारी फौज ती ‘हुजुरात’, आणि समक्ष राहणारा सेवक तो ‘हुजऱ्या’. धन्याच्या इतक्या जवळ ज्याला उभे राहू द्यावयाचे तो अर्थातच विश्वासातला माणूस असे. परंतु आजच्या मराठीत ‘हुजरेगिरी’ म्हणजे लाचार खुशामत. जवळ असणे हा विश्वासाचा पुरावा होता. भाषेने तो लाचारीचा पुरावा मानला.

‘शिपाई’ या शब्दाची घसरण त्याहून स्पष्ट आहे. फारसी ‘सिपाही’ म्हणजे सैनिक. तोच शब्द मराठीत आज दोन ठिकाणी नांदतो : पोलीस दलात तो एका पदाचे नाव आहे, आणि कचेरीत तो कागद नेण्या-आणणाऱ्या कर्मचाऱ्याचा वाचक आहे. पुण्या-मुंबईकडे या दुसऱ्याला ‘पट्टेवाला’ म्हणत. वऱ्हाड-नागपुराकडे ‘चपराशी’ हा शब्द रुळला. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले, १९०३ मध्ये मध्यप्रांताला जोडले गेले, आणि १९५६ पर्यंत तेथील कारभारात हिंदी व मराठी शेजारी राहिल्या. त्याची ही खूण होय. ‘पट्टेवाला’ हे नाव पट्ट्यावरून पडले, ‘चपराशी’ हे चपरास म्हणजे बिल्ल्यावरून. दोन्ही शब्द माणसाच्या अंगावरील सरकारी चिन्हाकडे बोट दाखवितात. त्याच्या कौशल्याकडे नाही. ‘ऑर्डर्ली’ या इंग्रजी शब्दाचे ‘अर्दली’ झाले, तेव्हाही लष्करी हुकूम पोहोचविणारा माणूस पुढे साहेबांच्या घरची कामे करणारा माणूस होऊन बसला.

३

या सर्वांत अधिक बोधप्रद इतिहास ‘गार्ड’ या शब्दाचा आहे. युरोपीय भाषांतील हा शब्द मराठीत तीन वेळा, तीन निरनिराळ्या रूपांनी आला. पोलिसांच्या भाषेत ‘गारद’ म्हणजे पहाऱ्यावर नेमलेली तुकडी. ‘निवासस्थानाची गारद’, ‘कोषागाराची गारद’ असे प्रयोग आजही होतात. (‘गारद होणे’ म्हणजे नष्ट होणे, यातील ‘गारद’ निराळा, तो लूट या अर्थाच्या अरबी शब्दापासून आला आहे. रक्षणाचा आणि नाशाचा शब्द मराठीत उच्चाराने एक व्हावा, हा केवळ योगायोग.) दुसरे रूप ‘गारदी’, आणि तिसरे अलीकडचे ‘बॉडीगार्ड’.

अठराव्या शतकात युरोपीय पद्धतीची कवाईत शिकलेल्या पायदळाला मराठ्यांच्या फौजेत गारदी म्हणत. १७६१ मध्ये पानिपतावर इब्राहिमखान गारदी मराठ्यांच्या बाजूने अखेरपर्यंत लढला आणि त्यापायी प्राणास मुकला. त्या वेळी ‘गारदी’ ही सन्मानाची उपाधी होती. अवघ्या बारा वर्षांनी, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला, आणि त्या दिवसापासून मराठीत ‘गारदी’ म्हणजे मारेकरी असाच अर्थ रूढ झाला. ज्यांच्या हाती वाड्याचा पहारा होता त्यांनीच घात केला. त्या प्रसंगी पेशव्यांच्या अंगावर स्वतःचे अंग टाकून प्राण देणारा चाफाजी टिळेकर हा पगारी पहारेकरी नव्हता, साधा सेवक होता. रक्षकाचे नाव एकाकडे होते. रक्षकाचे कृत्य दुसऱ्याने केले. अंगरक्षणाचे काम आणि त्याचे नाव यांची इतकी स्पष्ट फारकत मराठी इतिहासात क्वचितच आढळेल.

याच १७७३ साली वॉरन हेस्टिंग्जने बनारस येथे पन्नास स्वारांचे अंगरक्षक पथक उभे केले. बनारसच्या राजाने आणखी पन्नास स्वार दिले. राष्ट्रपतींचे आजचे अंगरक्षक दल हा त्याचाच वारसा आहे. अमरावतीशी घनिष्ठ संबंध असलेल्या श्रीमती प्रतिभाताई पाटील २००७ ते २०१२ या काळात राष्ट्रपती होत्या, तेव्हा हे घोडदळ त्यांच्या मानवंदनेला उभे राहत असे. परंतु असे समारंभातील दल आणि साध्या वेषातील एकटा पोलीस शिपाई यांच्या कामात साम्य नावापुरतेच असते.

४

हा शिपाई बहुधा जिल्ह्याच्या पोलीस दलातून निवडलेला असतो. कोणाला रक्षण द्यावयाचे याचा निर्णय जिवाला असलेल्या धोक्याचा अंदाज घेऊन होतो. पद आणि धोका या दोन गोष्टी एक नव्हेत. व्यवहारात मात्र एक्स, वाय, झेड ही धोक्याच्या श्रेणींची अक्षरे प्रतिष्ठेच्या पायऱ्या बनली आहेत. ‘त्यांना झेड सिक्युरिटी आहे’ हे वाक्य अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या चौकात उच्चारले जाते तेव्हा बोलणाऱ्याच्या मनात धोका नसतो, मान असतो.

काम सुरू होते ते अधिकारी घरातून निघण्याच्या आधी. कोणत्या रस्त्याने जावयाचे, गाडी कोठे थांबेल, सभास्थानाला दारे किती, संकटकाळी जवळचे रुग्णालय कोणते, हे अगोदर पाहून ठेवावयाचे असते. गाडीत अंगरक्षक चालकाशेजारी बसतो; गाडी थांबताच तो आधी उतरतो, भोवती नजर टाकतो, आणि मगच मागचे दार उघडू देतो. चालताना तो साहेबांच्या किंचित मागे, एका बाजूला राहतो. इतके जवळ की एका पावलात मध्ये येता यावे, आणि इतके दूर की समोरचे सर्व दिसावे.

गर्दीत या कामाची खरी कसोटी लागते. श्रावणातील शेवटच्या सोमवारी गांधीग्राम येथील पूर्णेचे जल घेऊन कावडी अकोल्याच्या राजराजेश्वर मंदिराकडे येतात. त्या दिवशी रस्त्यावर लोटलेल्या जनसमुदायात एखादा मंत्री अथवा अधिकारी दर्शनाला गेला, तर त्याच्याभोवती माणसांना अंतरावर ठेवणे अशक्यच असते. कोणी हार घालतो, कोणी पाया पडतो, कोणी अर्ज पुढे करतो. अशा वेळी अंगरक्षकाने पाहावयाचे ते चेहऱ्यांकडे नव्हे, हातांकडे. उत्साहाने तापलेला चेहरा भक्ताचाही असू शकतो. खिशात राहिलेला किंवा शालीखाली लपलेला हात मात्र वेगळा ओळखू येतो. ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ या म्हणीतील जिवा महाला याचे प्रतापगडाखाली १६५९ मध्ये केलेले कामही हेच होते. सय्यद बंडाने तलवार उगारली, तो हात जिवाने वेळीच पाहिला आणि वरच्या वर छाटला.

हल्ला झालाच तर अंगरक्षकाचे पहिले कर्तव्य हल्लेखोराचा पाठलाग करणे हे नसते. ज्याचे रक्षण करावयाचे त्याला झाकणे आणि तेथून हलविणे, हे पहिले, प्रतिकार दुसरा, पाठलाग इतरांचा. गोळी झाडण्याचा आपल्याला काही खास परवाना आहे, असेही त्याने समजून चालत नाही. दुसऱ्याच्या शरीराचे रक्षण करण्याचा जो हक्क प्रत्येक नागरिकाला आहे, आणि जो १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये सांगितला आहे, त्याच्या मर्यादा त्याच्या पिस्तुलालाही लागू असतात.

आता आरंभी उल्लेखिलेल्या मोकळ्या हातांचे महत्त्व लक्षात येईल. साहेबांची बॅग, छत्री, सत्कारातील शाल-श्रीफळ, लोकांनी दिलेले अर्ज यांपैकी काहीही अंगरक्षकाच्या हाती दिले की त्या क्षणापुरते रक्षण संपते. मोठ्या माणसांजवळ ही चूक रोज घडते. आणि ती दुष्टपणाने नव्हे, शब्दाच्या सवयीने घडते. ‘शिपाई’ म्हटले की त्याच्या हातात काहीतरी द्यावयाचे, हे कचेरीने शिकविलेले असते. ‘सायबाचा मानूस’ म्हटले की तो साहेबांच्या मालकीचा, अंगरख्यासारखा. बॅग धरण्यास नकार देणाऱ्या अंगरक्षकाला उद्धट ठरविले जाते, आणि धरणाऱ्याला नम्र. वास्तविक पाहता नकार देणाराच आपले काम करीत असतो.

५

या कामाची आणखी एक बाजू वऱ्हाडच्या इतिहासाने पुढे ठेवली आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात, ज्याची स्थापना १९१४ मध्ये झाली, शिवराम हरी राजगुरू यांनी व्यायामाचे शिक्षण घेतले होते. १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोर येथे भगतसिंग व राजगुरू यांनी साँडर्स या पोलीस अधिकाऱ्यावर गोळ्या झाडल्या. त्यानंतर त्यांचा पाठलाग करणारा हेड कॉन्स्टेबल चनन सिंग चंद्रशेखर आझादांच्या गोळीने मारला गेला. राजगुरूंचे नाव देशाने योग्यच आदराने जपले. चनन सिंगाचे नाव फारसे कोणाला आठवत नाही. त्याचे निशाण परक्याचे होते, पण कर्तव्याची बांधीलकी खोटी नव्हती. रक्षण करणाऱ्याला रक्षिताची योग्यता ठरविण्याचा अधिकार नसतो. तो अधिकार घेतला की रक्षकाचा गारदी होण्यास वेळ लागत नाही. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांची हत्या त्यांच्याच रक्षकांनी केली, तेव्हा हे पुन्हा सिद्ध झाले. पुढील वर्षी विशेष संरक्षण गट स्थापन झाला. उलटपक्षी २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुंबुदूर येथे राजीव गांधींसमवेत त्यांचे संरक्षण अधिकारी प्रदीपकुमार गुप्ता यांनीही प्राण गमावले. टिळेकर आणि गारदी ही दोन्ही उदाहरणे आधुनिक काळातही जिवंत आहेत.

६

या कामाला जवळचा असा शब्द वऱ्हाडी बोलीतच आहे. पीक उभे असताना रात्री शेतात राहून रोही, रानडुकरे यांपासून ते राखणे, याला ‘जागली’ म्हणतात. ‘तो जागलीले गेला’ हे वाक्य वऱ्हाडातील खेड्यांत परिचयाचे आहे. जागलीचे सारे कौशल्य जनावराशी झुंजण्यात नसते. जनावर धुऱ्यापाशी येण्यापूर्वी त्याची चाहूल घेण्यात असते. ज्या रात्री काहीच घडत नाही, ती रात्र त्याने उत्तम रीतीने काढलेली असते. आणि म्हणूनच सकाळी त्याने काय केले हे कोणाला सांगता येत नाही. अंगरक्षकाच्या सेवेतील बहुतेक सर्व दिवस असेच असतात.

‘अंगरक्षक’ हा शब्द शासनाने स्वीकारला आहे आणि तो बदलण्याचे कारण नाही. मात्र तो उच्चारताना भर ‘अंग’ या पदावर न देता ‘रक्षक’ या पदावर द्यावयास हवा. हा माणूस साहेबांच्या अंगाचा भाग नाही, त्यांच्या सामानाचा तर नाहीच. तो राज्याने जागलीवर पाठविलेला माणूस आहे. आणि जागलीवरच्या माणसाच्या हातात कोणी ओझे देत नाही.