सेऊलला जाणाऱ्या युवकांनी कोरियात काय पाहावे?

६ ऑगस्ट २०२३ रोजी लिस्बन येथे पोप फ्रान्सिस यांनी आगामी जागतिक युवा दिनासाठी सेऊलचे नाव घोषित केले. हा सोहळा ३ ते ८ ऑगस्ट २०२७ या काळात योजिलेला आहे. मुख्य सोहळ्याआधी काही दिवस परदेशी युवकांना यजमान देशातील धर्मप्रांतांत, पुष्कळदा कुटुंबांतच, वास्तव्यास पाठविण्याची प्रथा आहे. कोरियाची परंपरा जवळून अनुभवण्याची अशी संधी विद्यार्थ्यांना सहसा लाभत नाही.

सेऊलमध्ये ‘हानबोक’ हा पारंपरिक पोशाख भाड्याने मिळतो आणि तो परिधान करून गेल्यास ग्योंगबोकगुंग राजवाड्यात प्रवेशशुल्क पडत नाही. छायाचित्रे भरपूर निघतील. त्यास आमचा आक्षेप नाही. मात्र तेवढ्यासाठी विमानाचे भाडे खर्चू नये.

पाहावयाचे आहे ते कोरियन माणसाचे वंदन. नववर्षदिनी मुले वडीलधाऱ्यांपुढे गुडघे टेकून, मस्तक जमिनीपर्यंत नेऊन एकदा वंदन करतात. मृतांपुढे साधारणतः दोनदा. ‘छुसॉक’ हा त्यांचा सुगीचा सण आठव्या चांद्रमासाच्या पौर्णिमेस येतो. बहुतेक वर्षी तो आपल्या भाद्रपद पौर्णिमेच्या आसपास, म्हणजे इकडे पितृपंधरवडा लागतो त्याच सुमारास पडतो. नव्या तांदळाच्या पिठात तिळाचे वा डाळीचे सारण भरून, पाइनच्या पानांवर उकडलेले ‘सोंगप्योन’ त्या दिवशी पूर्वजांपुढे मांडतात. पिंपळवंडीच्या एखाद्या गृहिणीला ते पाहून उकडीच्या मोदकांची आठवण व्हावी.

या वंदनापायी कोरियात रक्त सांडले आहे. तेथील ख्रिस्तसभेचा आरंभ परदेशी मिशनरींनी केला नाही. ग्रंथ वाचून श्रद्धेकडे वळलेल्या विद्वानांपैकी यी सुंग-हुन यांनी १७८४ मध्ये बीजिंगला बाप्तिस्मा घेतला आणि मायदेशी परतून इतरांना दिला. त्या काळी पूर्वजांच्या नामपट्टिकांपुढील विधी रोमने निषिद्ध ठरविले होते. पॉल युन जी-छुंग यांनी त्या पट्टिका जाळल्या आणि आईच्या निधनानंतर पारंपरिक विधी नाकारले. १७९१ मध्ये जॉन्जू येथे त्यांचा व त्यांच्या आतेमामेभावाचा, जेम्स क्वोन सांग-योन यांचा, शिरच्छेद झाला. पुढे छळाचे जवळजवळ शतक गेले. १९८४ मध्ये १०३ हुतात्मे संत म्हणून घोषित झाले. २०१४ मध्ये युन यांच्यासह १२४ जणांना ‘धन्य’ घोषित करण्यात आले.

१९३९ मध्ये रोमने चीनसंबंधी आदेश काढून मृतांपुढे व त्यांच्या नावाच्या पट्टिकेपुढे आदराने नत होण्यास कॅथलिकांना मोकळीक दिली; कोरियातही हीच भूमिका रूढ झाली. मग ते हुतात्मे व्यर्थ मेले काय? आम्हांस तसे वाटत नाही. पट्टिकेत मृताचा आत्मा वास करतो, ही समजूत त्या काळी होती आणि राज्यसत्तेला तो विधी निष्ठेची कसोटी म्हणून हवा होता. आदर कोठे संपतो आणि उपासना कोठे सुरू होते, हे त्यांना प्राणांची किंमत देऊन ठरवावे लागले.

हा प्रश्न आपल्या युवकांना परका नाही. जुन्नर-आंबेगाव परिसरात नदीकाठच्या दशक्रियेस सारा गाव लोटतो. शेजारधर्म म्हणून ख्रिस्ती तरुणही जातो. तेथे हात जोडावेत काय, कितपत सामील व्हावे, याचे उत्तर त्याला बहुधा कोणी दिलेले नसते. कोरियन कॅथलिक कुटुंबे आज छुसॉकच्या दिवशी दिवंगतांसाठी मिस्सा अर्पण करतात, कित्येक घरी पूर्वजांच्या स्मरणार्थ पानेही मांडतात. मृतांसाठीच्या प्रार्थना ते ‘योंदो’ नावाच्या, देशी चालीच्या सामूहिक गायनातून म्हणतात. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ च्या ख्रिस्तपुराणात ओवीला जवळ केले, त्याच जातीचे हे काम आहे.

२०२७ चा छुसॉक १५ सप्टेंबरला आहे. तोवर आपले यात्रेकरू परतलेले असतील. योंदो मात्र सणापुरता नाही. धर्मग्रामात कोणाचे निधन झाले की लोक जमून तो म्हणतात. यजमान कुटुंबाकडे तेवढी विचारणा अवश्य करावी.